ईश्वरी तरतूद व राखण (ख्रिस्ती श्रद्धा)

परमेश्वर आपल्याला राखतो आणि लागेल ते पुरवतो, या भरवशावर रोजचे जीवन जगणे हा ख्रिस्ती श्रद्धेचा एक मूलभूत भाग आहे. उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो, ऐन वेळी झुडपात शिंगे अडकलेला एडका त्याच्या दृष्टीस पडतो आणि तो त्या जागेला ‘याव्हे-यिरे’ असे नाव देतो. या इब्री शब्दांचा अर्थ ‘परमेश्वर पाहील’ असा आहे. घरातला वडीलधारा माणूस ‘मी बघतो’ म्हणतो तेव्हा तो जबाबदारी अंगावर घेत असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुरवठा आणि राखण या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा ‘योगक्षेम’ हा शब्दही आपल्याकडे आहे: नसलेले मिळणे तो योग आणि असलेले टिकणे ते क्षेम. गीतेत योगक्षेम वाहण्याचे आश्वासन अनन्य भक्ताला दिलेले आहे, तर येशूच्या शिकवणीत स्वर्गातील पिता भल्याबुऱ्या दोघांवरही पाऊस पाडतो.

बायबलमधील पुरवठ्याच्या कथांत साठवणुकीला फारसे स्थान नाही. इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएलांना अरण्यात देवाकडून मिळणारा मान्ना, म्हणजे रोजचे अन्न, त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा अपवाद सोडला, तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत. एलीया संदेष्ट्याला सांभाळणाऱ्या सारफथच्या विधवेचे मडके कधी पिठाने भरून वाहिले नाही, ते फक्त रिकामे झाले नाही. प्रभूच्या प्रार्थनेतील मागणीही ‘रोजच्या भाकरी’पुरतीच आहे. अनुवादकांनी येथे भाकर हा शब्द योजला, त्यामुळे ही प्रार्थना मराठी घराच्या चुलीपर्यंत पोचली. डोंगरावरील प्रवचनात येशू आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दाखला देतो, तो चिंता सोडण्यासाठी. काम सोडण्यासाठी नव्हे. पाखरे पेरत नसली तरी दिवसभर चारा शोधतात. जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहिले आहे.

1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातील श्रद्धा शिकवणाऱ्या एका पुस्तिकेने, या श्रद्धेला नेमके रूप दिले. पाऊस आणि अवर्षण, आरोग्य आणि आजार, संपत्ती आणि गरिबी यांतले काहीही योगायोगाने येत नाही, सारे पित्याच्या हातून येते, असे ती सांगते. हे उत्तर वाचायला सोपे आणि जगायला अवघड आहे, कारण अवर्षणही त्याच हातून येत असेल, तर राखण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहतो.

शास्त्र या प्रश्नाला बगल देत नाही. 91व्या स्तोत्रात परात्पराच्या आश्रयाला राहणाऱ्याचे देवदूत रक्षण करतील असे वचन आहे, पण हेच वचन सैतान येशूपुढे ठेवतो आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. येशू नकार देतो. भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे यांतला फरक त्या नकारातून कळतो. दानीएलाच्या ग्रंथात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे, मूर्तीपुढे न वाकल्यास भट्टीत टाकण्याची धमकी देणाऱ्या राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला धगधगत्या भट्टीतून सोडवू शकतो, आणि त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘न सोडवले तरी’ हे तीन शब्द या श्रद्धेचा कणा आहेत असे म्हणायला हरकत नाही. अंजिराला फूल नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे हबक्कूक संदेष्टा म्हणतो. पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. म्हणून भक्ती केली की पैसा आणि आरोग्य हमखास मिळते, ही अलीकडे बरीच पसरलेली शिकवण मूळ श्रद्धेशी जुळत नाही, आणि ती आजारी व गरीब माणसाच्या मनावर अपराधाचे ओझे घालते.

एकोणिसाव्या शतकात या भरवशावर काही संस्थाही चालल्या. प्रशियात जन्मलेले जॉर्ज म्यूलर (1805–1898) यांनी 1830 मध्ये इंग्लंडमधील आपल्या मंडळीकडून ठरावीक वेतन घेणे थांबवले आणि 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथगृह सुरू केले. ते कोणाकडे देणगी मागत नसत आणि कर्जही काढत नसत. गरज फक्त प्रार्थनेत सांगत. पुढे अ‍ॅश्ली डाउन येथील त्यांच्या पाच इमारतींत सुमारे 2,000 मुलांची सोय होती. ते सविस्तर जमाखर्च छापत आणि हा अहवालच एक प्रकारचे आवाहन आहे, असा आक्षेप घेतला जाई. आक्षेपात तथ्य आहे. मात्र 1841 च्या अखेरीस निधी आटला असताना त्यांनी अहवाल मुद्दाम लांबणीवर टाकला, हेही ध्यानात घ्यायला हवे.

म्यूलर यांचे चरित्र वाचून, हे हिंदुस्थानात का होऊ नये, असा प्रश्न पंडिता रमाबाईंना (1858–1922) पडला. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि स्वतः उपाशी भटकलेल्या बाईने हा प्रश्न विचारावा, याला वेगळे वजन आहे. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने शारदासदनाला, म्हणजे रमाबाईंनी मुली व विधवांसाठी काढलेल्या शाळेला, दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते आणि ती मुदत 1898 मध्ये संपत होती. त्याआधी 1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय झाली. ही जमीन फळबागेच्या उत्पन्नातून संस्थेला आधार मिळावा म्हणून आधीच घेतलेली होती. या मुलींचा आश्रम, मुक्तिसदन, तिथेच उभा राहिला. हमीची मदत संपत असताना रमाबाईंनी खाणारी तोंडे कमी केली नाहीत, उलट वाढवली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. मुक्तिसदनातल्या मुली आणि स्त्रिया शेती करत, विणकाम करत आणि छापखाना चालवत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही त्यांनीच छापले. येथे प्रार्थना आणि कष्ट यांची फारकत कधी झाली नाही.

कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली, तीही याच वाटेवर. बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांत मात्र हा भरवसा कमी गाजावाजाने जगला जातो: जेवणाआधीच्या आभारात, प्रवासाला निघताना म्हटलेल्या स्तोत्रात, आजाऱ्याच्या खाटेभोवती जमलेल्या शेजाऱ्यांत. मुंबई आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन या मराठीभाषक कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. ज्यांची शेते इमारतींखाली गेली, त्या गावठाणांतही आगेरा होतो.