तेहेतिसाव्या बाइटचा गुन्हा

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात सगळ्या यंत्रांना झेंडूची फुलं वाहतात. माझी त्याला हरकत नाही. ज्यावर पोट चालतं ते वर्षातून एकदा पुसून त्याला हळदकुंकू लावण्यात वाईट काय? हार पंख्याच्या जाळीवर घालू नका, एवढंच मी सांगत असतो. आत प्रोसेसर उकडतो. पण दोन वर्षांपूर्वी एका यंत्राला झेंडूबरोबर लिंबू-मिरचीही लागली.

शहरात ठिकठिकाणी बसवलेल्या हवेच्या सेन्सरांची आकडेवारी गोळा करणारं हे यंत्र. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि आमच्याच टीमने लिहिलेला एक ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरांशी बोलणारा प्रोग्रॅम. चार-पाच दिवसांतून एकदा ते धाडकन बंद पडायचं आणि दर वेळी नव्या जागी. एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा डिस्कवर लिहिताना, एकदा तर पहाटे तीनला काहीही चालू नसताना. आम्ही रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, यंत्र खिडकीपासून हलवलं. मग कोणीतरी लिंबू आणलं. त्यातच एकाने निरीक्षण नोंदवलं की सेन्सर-केंद्रांची नावं इंग्रजीत होती तोवर सगळं ठीक होतं, मराठीत केल्यापासून हा त्रास सुरू झाला. आम्ही सगळे त्याला हसलो. तो बरोबर होता, पण ते नंतर.

कर्नल म्हटलं की पुण्यात आधी कॅम्पातले मिशीवाले निवृत्त साहेब आठवतात. हा कर्नल वेगळा. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळ्यांना वाटून देतो. तुमचा ब्राउझर किंवा व्हॉट्सॲप हा वाड्यातला भाडेकरू. त्याने दुसऱ्याच्या खोलीत शिरायचा प्रयत्न केला की कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचा वाडा निवांत राहतो. कर्नल मात्र मालक आहे, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. त्याच्या कोडमध्ये चूक झाली तर अडवणारं कोणी नाही. चुकून दुसऱ्याच खोलीतलं सामान हलवलं तरी त्या क्षणी काहीच होत नाही. दोन दिवसांनी त्या खोलीचा भाडेकरू अंधारात स्टूल शोधायला जातो आणि आपटतो. गुन्हा एकीकडे, प्रेत दुसरीकडे. क्रॅशचा अहवाल फक्त प्रेताचा पत्ता सांगतो.

म्हणून गुन्हा घडत असतानाच पकडायची सोय कर्नल बांधताना करून ठेवावी लागते. 'बांधताना' हा शब्द महत्त्वाचा. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे. तो उतरवून घ्यायचा, 'मेक मेनूकॉन्फिग' अशी आज्ञा द्यायची, की निळ्या पडद्यावर पर्यायांची यादी येते. एकूण पर्याय दहा हजारांहून अधिक, आणि तुम्ही केलेली निवड 'डॉट कॉन्फिग' नावाच्या फायलीत उतरते. यादीच्या तळाशी 'कर्नल हॅकिंग' असा विभाग आहे. नाव ऐकून दचकू नका. इथे हॅकिंग म्हणजे चोरी नव्हे, कोडशी झटापट. डीबगिंगचे, म्हणजे चुका शोधण्याचे, बहुतेक पर्याय इथेच आहेत आणि बरेचसे मुळात बंद असतात.

यातला पहिला पर्याय म्हणजे डीबग माहिती. मशीनच्या भाषेतली कुठली सूचना मूळ कोडच्या कुठल्या ओळीतून आली, याचा हा नकाशा. 'तो चालू केला की यंत्र मंद होतं' असं छातीठोकपणे सांगणारे अनुभवी लोक मला भेटलेत. तसं काही नसतं. हा नकाशा 'व्हीएमलिनक्स' या फायलीत राहतो, ती शेकडो एमबीची होते आणि बांधायला वेळ जास्त लागतो, हे खरं; पण यंत्र सुरू होताना जी आटोपशीर प्रतिमा मेमरीत चढते तिच्यातून तो आधीच काढून टाकलेला असतो. हा पर्याय खुशाल चालू ठेवा.

मला ज्याच्याबद्दल बोलायचंय तो कासान. कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर याचं हे लघुरूप. मूळ कल्पना गूगलमधल्या अभियंत्यांनी साध्या प्रोग्रॅमसाठी केलेल्या ॲड्रेस सॅनिटायझरची. आंद्रे र्‍याबिनिन यांनी ती कर्नलमध्ये आणली आणि २०१५ मध्ये लिनक्स ४.० बरोबर ती सर्वांच्या हाती आली.

कल्पना करा, वाड्याच्या प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या आहेत. खोली म्हणजे एक बाइट. वॉचमनकडे एक वही, आणि वहीत दर मजल्यासाठी एकच चौकोन. आठही खोल्या उघडायला परवानगी असेल तर चौकोनात शून्य. पहिल्या तीनच भाड्याने गेल्या असतील तर तीन. मजला पूर्ण बंद असेल तर एक ऋण संख्या, आणि ती संख्याच बंद असण्याचं कारण सांगते: मोकळी सोडलेली लाल पट्टी, की भाडेकरू सोडून गेलेली जागा. बस्स. आठ बाइटमागे एक बाइट. या वहीला सावली-मेमरी म्हणतात. कुठल्याही पत्त्याची सावली शोधायची तर पत्त्याला आठने भागायचं आणि एक ठरलेली संख्या मिळवायची. आठने भागणं म्हणजे द्विमान पद्धतीत तीन घरं उजवीकडे सरकणं. प्रोसेसरला ते अगदी स्वस्तात पडतं.

पण वही कितीही चांगली असली तरी दर दाराशी ती उघडून बघणार कोण? इथे कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, कामाला येतो. कासान निवडून कर्नल बांधला की मेमरीला हात लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सूचनेआधी कंपायलर चार-दोन जादा सूचना घुसवतो: सावली वाच, शून्य असेल तर पुढे जा, नसेल तर आपण मजल्यावरच्या कितव्या खोलीत आहोत ते बघ, परवानगीच्या बाहेर असलो तर बोंब मार. लाखो ठिकाणी घुसवलेल्या या सूचना बांधकामातच असतात. म्हणूनच चालत्या कर्नलला 'आता जरा कासान चालू कर' असं सांगता येत नाही.

यात आणखी दोन युक्त्या आहेत. कोणी मेमरी मागितली की कासान तिच्याभोवती लाल पट्टी सोडतो. त्या जागेत कोणीच राहत नाही, तिथे पाऊल पडलं की गुन्हा. पुणेरी पाटीसारखंच, पाटी लावलेली जागा रिकामीच असते, पण गाडी लावून बघा. दुसरी युक्ती म्हणजे विलगीकरण. मेमरी परत दिली की ती लगेच दुसऱ्याला मिळत नाही, काही काळ रिकामी ठेवली जाते. जुना भाडेकरू लपवलेली किल्ली घेऊन परत आलाच, तर रिकाम्या खोलीत सापडतो. तिथे लगेच नवा बिऱ्हाडकरू आला असता तर आत कोण शिरलं ते कळलंच नसतं.

आता आमच्या यंत्राकडे. ड्रायव्हरमध्ये दर केंद्राचं नाव साठवायचं होतं. सी भाषेत अक्षरमालेच्या शेवटी एक शून्य बाइट ठेवावा लागतो, 'इथे संपलं' असं सांगायला. आमच्या कोडने नावाच्या लांबीएवढीच जागा मागितली आणि शून्य ठेवलं त्यापुढच्या बाइटमध्ये. एक मिळवायचा राहिला होता. प्रत्येक प्रोग्रॅमरने आयुष्यात एकदा तरी केलेली चूक.

पण मग दर वेळी क्रॅश का नाही? कर्नल मागाल तेवढीच मेमरी कापून देत नाही. दर्जीकडच्या मापांसारखी त्याची ठरलेली मापं असतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८ वगैरे. 'वडगाव शेरी १' हे नाव इंग्रजी लिपीत लिहिलं तर १५ बाइट. माप मिळतं १६चं. शून्य सोळाव्या बाइटमध्ये जातं, जागा रिकामीच असते, कोणाचं काही बिघडत नाही. हेच नाव देवनागरीत लिहा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं दर चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी यांना वेगळं चिन्ह लागतं. व, ड, ग, काना, व अशी पाच. श, मात्रा, र, वेलांटी अशी चार. आणि '१' हा अंक. दहा चिन्हांचे ३० बाइट, अधिक दोन मोकळ्या जागा. बरोबर ३२. माप मिळतं ३२चं, आणि शून्य पडतं तेहेतिसाव्या बाइटमध्ये, म्हणजे शेजाऱ्याच्या पहिल्या खोलीत.

शेजारी दर वेळी वेगळा. त्याच्या पहिल्या आठ बाइटमध्ये बरेचदा कुठलातरी पत्ता असतो, आणि आमच्यासारख्या प्रोसेसरवर पत्त्याचा सगळ्यात लहान किमतीचा बाइट आधी लिहितात. तेवढाच पुसला गेला की पत्ता पूर्ण खोटा ठरत नाही, जास्तीत जास्त २५५ घरं मागे सरकतो. तो बाइट आधीच शून्य असेल तर नुकसान शून्य. नसेल, तर शेजारी तो पत्ता वापरेल तेव्हा कोसळेल: नेटवर्कमध्ये, डिस्कवर, पहाटे तीनला. (इथपर्यंत गाडी सुटली असेल तर एवढंच धरून चाला: चूक रोज होत होती, अपघात क्वचित.)

कासानवाला कर्नल बांधला आणि यंत्र सुरू करताच पहिल्या मिनिटात अहवाल आला. पण त्यात नाव 'हडपसर १'चं! हडपसरने तर कधीच त्रास दिला नव्हता, म्हणून मी अर्धा दिवस कासानवरच संशय घेतला. मग अहवालाच्या शेवटची सावलीची ओळ नीट वाचली: शून्य, शून्य, तीन, आणि पुढे 'एफसी', म्हणजे लाल पट्टी. खाली बाण, थेट त्या तीनवर. 'हडपसर १' म्हणजे १९ बाइट. दोन पूर्ण मजले आणि तिसऱ्यावर तीन खोल्या. ड्रायव्हर विसावं दार ठोठावत होता. माप ३२चं असल्याने एरवी ते दार रिकाम्या खोलीचं निघायचं. कासानला त्याच्याशी देणंघेणं नाही. मागितल्या १९, तर विसावी परकी. यादीत हडपसर आधी होतं, आणि कासान मुळात पहिला गुन्हा सापडला की पुढचे कळवत नाही. वडगाव शेरीपर्यंत पोहोचायची त्याला गरजच पडली नाही.

'मराठी नावांमुळे होतंय' म्हणणाऱ्याला मी नंतर चहा पाजला.

१९ जुलै २०२४ ला जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात 'सायबर युद्ध सुरू' असे संदेश फिरले. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला २० मूल्यं मिळत होती आणि नव्या फायलीमुळे त्याने एकविसावं वाचायला हात घातला. आमचं विसावं दार, त्यांचं एकविसावं. आणि लिनक्सवाल्यांनी तेव्हा मिशीवर ताव मारला, तेही उगाचच. 'लिनक्स कधी कोसळत नाही' हे वाक्य लिंबाच्याच जातीचं आहे.

मग कासान सगळीकडे चालू का नाही? कारण तो महाग आहे. १६ जीबीच्या यंत्रात २ जीबी नुसत्या वहीला जातात, लाल पट्ट्या आणि विलगीकरण वेगळं, आणि काम ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट हळू. शिवाय तो सर्वज्ञ नाही. जो कोड चाललाच नाही त्यातली चूक दिसत नाही, आणि उडी इतकी लांब पडली की लाल पट्टी ओलांडून दुसऱ्याच्या वैध खोलीत गेली, तर वही म्हणते, ठीक आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या यंत्रांसाठी २०२१ पासून, लिनक्स ५.१२ मध्ये, केफेन्स आलं. ते सगळ्यांना तपासत नाही. मुळात ठरलेल्या वेगाने १०० मिलिसेकंदांनी एखाद्या मागणीला पहाऱ्यातली खोली देतं. मेमरी खातं २ एमबी. सिटी बसमधल्या तिकीट तपासनिसासारखं: रोज सापडणार नाही, पण हजारो यंत्रांत कुठेतरी सापडेलच.

लॉकडेप हाही एक सुंदर पर्याय आहे. इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये आणला. एकाने आधी जिन्याची आणि मग गच्चीची किल्ली घ्यायची, दुसऱ्याने उलट क्रमाने. दोघं एकाच वेळी आले तर कायमचे अडकतात. लॉकडेप दोघं एकत्र येण्याची वाट बघत नाही. सोमवारी एक क्रम दिसला आणि गुरुवारी उलटा, तरी ओरडतो. त्याच्यावर खरं तर वेगळा लेख हवा.

यादीतल्या सगळ्या डीबगिंग पर्यायांवर एकदम खुणा करू नका. मी आधी तेच केलं होतं. यंत्र इतकं रेंगाळलं की सेन्सरच कंटाळून संपर्क तोडू लागले आणि क्रॅश व्हायचंच बंद झालं. काही चुका वेळेच्या गणितावर जगतात, वेग बदलला की गायब. दाताच्या डॉक्टरकडे पोचताच दुखायचं थांबतं, तसंच.

घरी करून बघायचं असेल तर चालू लॅपटॉपच्या कर्नलला हात न लावता क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात करा. 'कर्नल हॅकिंग'मध्ये 'मेमरी डीबगिंग', त्यात कासान, आणि त्याच्याच खालची त्याची चाचणी चालू करा. ती मुद्दाम चुकीची दारं ठोठावते. डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा. आमच्या यंत्रावर आता केफेन्स आणि डीबग माहिती एवढंच आहे. लिंबू वाळून काळं पडलं होतं, ते काढताना त्याचा दोरा पंख्यात अडकला.