रिलीफ पिचरचा ट्रेड (फँटसी बेसबॉल)

अपेक्षेपेक्षा सरस खेळणारा रिलीफ पिचर, म्हणजे बदली म्हणून चेंडू टाकायला येणारा खेळाडू, संघात ठेवायचा, की भाव चढलेला असताना दुसऱ्या मालकाला देऊन बदल्यात हवा तो खेळाडू घ्यायचा, हा फँटसी बेसबॉलमध्ये दर हंगामात हमखास येणारा पेच. यात मालक खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ उभा करतो, आणि खेळ अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या प्रत्यक्ष आकड्यांवर चालतो. त्याचे आजचे रूप १९८० साली डॅनियल ओक्रेंट व त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या रोटिसरी लीगमधून आले. ही मंडळी न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटात जमत, त्याचेच नाव लीगला मिळाले. आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटमध्ये संघ बहुधा एका सामन्यापुरता लावतात, त्यामुळे खेळाडू विकण्याचा प्रश्नच येत नाही. इथे मात्र संघ एकदा उभा केला की १६२ सामन्यांचा हंगाम काढायचा असतो, आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाकडे असतो.

रिलीफ पिचर सुरुवातीच्या पिचरनंतर येतो. त्यातला शेवटची, म्हणजे नववी, इनिंग टाकून विजय राखणारा तो क्लोजर (सामन्यात प्रत्येक संघाच्या अशा नऊ छोट्या इनिंग असतात). त्याच्या नावावर ‘सेव्ह’ जमा होतो. उदाहरणार्थ, आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असताना येऊन किमान एक इनिंग टाकली व सामना जिंकून दिला तर. जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराची ही कल्पना १९६९ मध्ये अधिकृत झाली. फँटसीत सेव्हचा स्वतंत्र रकाना असतो, त्यात संघांचा जो क्रम लागतो त्यावर गुण मिळतात, आणि सेव्ह देणारे पिचर मोजकेच, म्हणून त्यांना भाव.

क्लोजर साऱ्या हंगामात साठ-सत्तर इनिंगच टाकतो, त्यामुळे त्याचे आकडे फसवे असतात. समजा, ३० इनिंगमध्ये त्याने चार धावा दिल्या: ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे झालेल्या सोडून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १.२० दिसतो. पुढच्याच आठवड्यात प्रत्येकी तीन धावांचे दोन होम रन (मैदानाबाहेर गेलेले फटके) बसले असते, तर इनिंग जवळजवळ तेवढ्याच राहून तो ३.००च्या आसपास गेला असता. व्होरोस मॅक्रॅकन याने २००१ मध्ये मांडले की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट होणार, म्हणजे फलंदाज बेसवर पोहोचणार, की झेल, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. अशा चेंडूंवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, लीगभर .३००च्या आसपास राहते. एखाद्याची .२०० दिसली, तर नशिबाचा वाटा आहे असे धरायला हरकत नाही. त्यापेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) पाहावेत; ते लवकर खरे बोलतात.

अर्थात कमी बॅबिप म्हणजे नुसता योगायोग, हेही पोपटपंचीच. न्यूयॉर्क यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेराने हा आकडा कारकीर्दभर खाली ठेवला. २०१६ मध्ये बॉल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने ४७ संधींत ४७ सेव्ह आणि ०.५४ ईआरए नोंदवला. त्याच्या सिंकरवर, म्हणजे शेवटी खाली बुडणाऱ्या चेंडूवर, बहुतेक फटके जमिनीलगत जात, हे डोळ्यांना दिसत होते. पुढच्या वर्षी त्याला दुखापतींनी गाठले आणि सेव्ह १५ वर आले, पण तो आजार वेगळा.

फर्नांडो रॉडनी हा अधिक बोलका दाखला. २०११ मध्ये ३२ इनिंगमध्ये २८ वॉक देणारा हा पिचर २०१२ मध्ये टँपा बे रेजकडे आला, काइल फार्न्सवर्थच्या दुखापतीमुळे क्लोजर झाला आणि ०.६० ईआरएसह ४८ सेव्ह मिळवून गेला. वॉक १५ वर आले होते, म्हणजे सुधारणा खरी होती, तरी ०.६० टिकणारे नव्हते. २०१३ मध्ये ईआरए ३.३८ झाला. पण सेव्ह? तरीही ३७. ईआरए घसरणार म्हणून ज्याने त्याला स्वस्तात काढला, त्याचे भाकीत बरोबर आले आणि सौदा चुकला.

इथे साधा हिशेब लोक करत नाहीत. उरलेल्या हंगामात क्लोजर ३० इनिंग टाकणार असेल, तर १.२० ऐवजी ३.६० ईआरएने त्याने फक्त आठ धावा जास्त दिल्या. फँटसी संघाच्या १२०० इनिंगमध्ये त्याने संघाचा ईआरए ०.०६ने हलतो. पंधरा सेव्ह गेले तर मात्र त्या रकान्यात दोन-चार पायऱ्या सहज उतरतात. तेव्हा विकताना धोका पाहायचा तो क्लोजरची जागा जाण्याचा.

जागा जाते ती बऱ्याचदा जुलैअखेरच्या ट्रेडच्या मुदतीला. कमकुवत संघाचा चांगला क्लोजर बलाढ्य संघ उचलतो, पण तिथे नववी इनिंग आधीच कोणाची तरी असते. २००८ मध्ये ६२ सेव्हचा विक्रम करणारा फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून मिलवॉकी ब्रूअर्सकडे गेला. मेट्सकडे २३ सेव्ह होते. मिलवॉकीत जॉन अ‍ॅक्सफर्ड क्लोजर असल्याने त्याला हंगामअखेरपर्यंत एकही मिळाला नाही. तळाच्या संघाचा क्लोजर म्हणूनच जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, बातम्या सुटण्याआधी विकावा.

आता हे आकडे सगळेच पाहतात, त्यामुळे निव्वळ चकचकीत ईआरए दाखवून कोणी फसत नाही. चांगला भाव देतो तो अडलेला गिऱ्हाईक: ज्याचा क्लोजर नुकताच जखमी झाला आणि जो सेव्हमध्ये एक-दोन गुणांनी मागे आहे. उलट तुम्ही सेव्हमध्ये दुसऱ्याच्या वीस पुढे असाल, तर पिचर कितीही अस्सल असो, तो द्यावा. जास्तीचे सेव्ह कुजतात.

खेळाडू पुढच्या वर्षीही राखता येणाऱ्या कीपर लीगमध्ये विकण्याकडे कल अधिक असावा. सिअ‍ॅटलच्या एडविन डियाझने २०१८ मध्ये ५७ सेव्ह आणि ७३⅓ इनिंगमध्ये १२४ स्ट्राइकआउट नोंदवले. त्यात नशिबाची खूण शोधूनही सापडत नव्हती. मेट्सकडे गेल्यावर २०१९ मध्ये ५८ इनिंगमध्ये १५ होम रन, ५.५९ ईआरए आणि २६ सेव्ह. स्ट्राइकआउट त्याही वर्षी ९९ होते, आणि ते पाहून ज्यांनी त्याला पडत्या भावात घेतले, त्यांना २०२२ मध्ये १.३१ ईआरए आणि ३२ सेव्ह मिळाले.