कुलूप शोरूमला लागणार की अंगणातल्या गाडीला?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या मामांकडे 2011 ची पेट्रोल अल्टो आहे. केए-22 ची पाटी, मागच्या काचेवर गणपती. परवा चहा घेताना विचारलं त्यांनी, "पेट्रोलच्या गाड्या बंद करायलेत म्हणे. आत्ताच विकून टाकू काय रे?" मोबाइल बघितला तर दोन बातम्या पाठोपाठ आलेल्या. एक युरोपातली 2035 ची, दुसरी दिल्लीतल्या जुन्या गाड्यांची. मामांनी दोन्ही एकाच पातेल्यात शिजवल्या होत्या.

युरोपातली बातमी विक्रीबंदीची. ठरलेल्या तारखेनंतर पेट्रोल-डिझेलची नवी कार विकायची नाही, एवढाच तिचा अर्थ. आधी घेतलेली चालवा, दुरुस्त करा, सेकंडहँड विका, कुणी अडवत नाही. युरोपीय संघाने 2023 मध्ये कायदा केला, त्यात 'पेट्रोल बंद' असे शब्दही नाहीत. 2035 पासून नव्या गाड्यांमधून कार्बन डायऑक्साइड 100 टक्के कमी झाला पाहिजे, असं लक्ष्य आहे. परिणाम मात्र बंदीचाच.

पण या तारखा दगडावरच्या नाहीत. ब्रिटनने 2020 मध्ये 2030 साल जाहीर केलं, 2023 मध्ये ते 2035 वर ढकललं, सरकार बदलल्यावर पुन्हा 2030 वर आणलं आणि हायब्रिडला, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांना, 2035 पर्यंत सवलत दिली. कॅलिफोर्नियाचा 2035 चा नियम अमेरिकी काँग्रेसने 2025 मध्ये रद्द केला, ते भांडण कोर्टात गेलं. युरोपीय आयोगानेही डिसेंबर 2025 मध्ये 100 ऐवजी 90 टक्के करू, असा प्रस्ताव मांडला. नॉर्वेने तर बंदी न घालता मुख्यतः करसवलतींवर काम भागवलं. 2024 मध्ये तिथे विकलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या.

भारतात पेट्रोल कारवर अशी बंदी नाही. तरी विक्रीबंदी कशी असते, ते आपण एकदा बघितलंय. 29 मार्च 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, 1 एप्रिलपासून बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांच्या, गाड्या विकायच्या नाहीत; आता बीएस-4 हवी. डीलरांच्या हातात दोनच दिवस. देशभर दुचाक्यांवर हजारोंची सूट निघाली, शोरूमपुढे रांगा लागल्या. आमच्या गल्लीतल्या एकाने तेव्हा घेतलेली मोटारसायकल आजही खानापूर रोडवर पळते. विकणं थांबलं, चालवणं नाही.

दिल्लीतली बातमी वापरबंदीची, आणि मामांना घाबरवलं ते तिनेच. तिथे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या 2014-15 च्या आदेशांनी 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. 1 जुलै 2025 पासून तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही, असं ठरलं. एवढी ओरड झाली, की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. पुढे कोर्टाने बीएस-4 आणि त्यावरच्या गाड्यांना नुसत्या वयावरून हात लावायचा नाही, असं म्हटलं. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. नीट ठेवलेली गाडी आणि काळा धूर ओकणारी गाडी जन्मतारखेवरून ओळखता येत नाही.

दोघांची कारणंही वेगळी. विक्रीबंदी 2050 च्या कार्बनचा हिशेब करते: आज विकलेली गाडी पंधराएक वर्षं चालणार, म्हणून नळ आधी बंद करायचा. वापरबंदीचा डोळा या हिवाळ्यातल्या धुरावर असतो. दिल्लीची धुक्याची थाळी बेळगावात वाढायचं कारण नाही.

तिसरा घोळ 'पंधरा वर्षं' या आकड्याचा. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, ती बातमीही लोक स्वतःच्या गाडीला चिकटवतात. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते हे खरं, पण फिटनेस तपासून आरटीओकडे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. फक्त केंद्राने 2022 मध्ये त्याची फी 600 वरून 5,000 रुपये केली. बंदी नव्हे, पण खिशाला कळतं.

विक्रीबंदीची काळजी खरं तर मामांनी नाही, उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीने करायची. तिथल्या फौंड्र्या आणि मशिनशॉपांमध्ये इंजिनाचे भाग होतात. विजेच्या गाडीत पिस्टनही नाही आणि क्रँकशाफ्टही नाही. चिकोडी-अथणीच्या उसाचंही तेच. पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल मिसळायला लागल्यापासून कारखान्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं, ते पेट्रोल गाडीच्या टाकीतूनच येतं. म्हणजे विक्रीबंदी कुठेही लागो, आपल्याकडे तिचा पहिला चटका गाडीवाल्याला नाही, कामगाराला आणि ऊसवाल्याला बसेल.

वापरबंदीची झळ इथे दुसऱ्या वाटेने येते. दिल्लीत न चालणारी डिझेल गाडी दुसऱ्या राज्यात स्वस्तात विकली जाते. डीएल पाटीची गाडी दिसली, की किमतीवर भुलण्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) बघा, कर्नाटकाचा रोड टॅक्स किती बसतो तेही विचारा. निपाणी-कागलच्या लोकांना हे सांगायला नको. कोल्हापूरच्या एमएच-09 पाटीची गाडी कर्नाटकाची केए करताना काय काय भरावं लागतं, त्यांना पाठ आहे.

मामांनी कपाटातून आरसी काढली, चष्मा लावला. मुदत 2026 ची निघाली. "म्हणजे आरटीओत जायचं, भंगारात नाही," म्हणाले आणि विचारलं, पाच हजारांत आणखी काय काय धरलंय.