ड्रोन पाडायचा, पण कितीला?

ग्वाल्हेरच्या आकाशाचा मान आजवर मिराज या लढाऊ विमानांचा. 1985पासून ही विमानं महाराजपुऱ्याच्या तळावर आहेत. 26 फेब्रुवारी 2019च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज इथूनच उडाली होती. खिडक्यांची तावदानं थरथरली की मान वर न करता ‘मिराज गेलं’ म्हणायची शहरातल्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांना सवय आहे. आता झाशीच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटरवरच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत सप्टेंबर 2025मध्ये ड्रोनयुद्धाची शाळा सुरू झाली आहे. तिथला विषय तावदानं हलवणारा नाही, पण फार स्वस्त आहे.

स्वस्त का, ते आधी पाहू. एखादा हौशी ड्रोन पंखे काढून (हे विसरू नका, बोटं जातील) चालू करा आणि हातात धरून जरासा तिरका करा. जी बाजू खाली गेली, तिकडच्या मोटरांचा सूर लगेच चढतो. ड्रोनला आपण कलंडलो हे कळलं, आणि तो सावरायला धावला. हे कळतं ते नखाएवढ्या चिपमधल्या जायरोस्कोपमुळे. सिलिकॉनमध्ये कोरलेला एक अतिसूक्ष्म तुकडा तिथे सतत थरथरत असतो. यंत्र वळलं की कोरिऑलिस बलामुळे (वळत्या वस्तूत हलणाऱ्या तुकड्याला जाणवणारा आडवा रेटा) तो किंचित बाजूला ढकलला जातो. तेवढ्यानं विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि वळण्याचा वेग मोजला जातो, सेकंदाला हजारो वेळा. एके काळी या कामासाठी विमानात गरगर फिरणारी जड चकती लागायची. मोबाइलला स्वतःचं वळणं-फिरणं कळावं म्हणून अशा चिपा अब्जावधींनी बनल्या आणि आज दीड-दोनशे रुपयांत मिळतात. हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि निओडिमियम चुंबकांच्या मोटरा यांची गोष्टही फार वेगळी नाही. शस्त्र म्हणून यातलं काहीच जन्मलेलं नव्हतं.

युक्रेनच्या आघाडीवर याच भागांचा, चाळीस-पन्नास हजार रुपयांच्या आसपास पडणारा ‘एफपीव्ही’ ड्रोन उडतो. चालक डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पाहतो. पोटाला रणगाडाविरोधी रॉकेटचं स्फोटक डोकं बांधलेलं असतं. रणगाड्याचं चिलखत समोरून जाड आणि माथ्यावर पातळ, म्हणून घाव वरून घालायचा. कोट्यवधींचा रणगाडा असा कामातून जातो. मात्र व्हिडिओ पाहून वाटतं तितकं हे सोपं नसतं. व्हिडिओ नेम लागलेल्यांचेच निघतात. वारा, थंडीत दमणारी बॅटरी आणि रेडिओ यांनी बरेचसे ड्रोन वाया जातात.

यातलं खरं दुखणं रेडिओचं. अंतर दुप्पट झालं की संदेशाची ताकद चौथाईवर येते. चालक दहा किलोमीटर मागे असतो, आणि शत्रूचा जॅमर, म्हणजे रेडिओसंदेश बुडवणारं यंत्र, त्या रणगाड्यावरच बसवलेला. शेवटच्या काही शे मीटरांत जॅमरचा आवाज चालकाला सहज बुडवतो. शिवाय ड्रोन जमिनीलगत आला की झाडं-टेकाडं आड येतात, म्हणजे ऐन मोक्यालाच चित्र फाटतं. यावर 2024पासून निघालेला तोडगा मला तरी भारी वाटतो: रेडिओच नको. ड्रोनच्या पाठीवर प्रकाशीय तंतूचं (ऑप्टिकल फायबरचं) रीळ, दहा-वीस किलोमीटरचं. पतंगाच्या फिरकीसारखं ते उलगडत जातं आणि चित्र काचेतून येतं. जॅमर निरुपयोगी. आघाडीवरच्या काही शेतांत आता या तंतूंची जाळी पसरली आहेत.

लांबचा मामला वेगळा. रशिया युक्रेनवर सोडतो तो मूळ इराणी बनावटीचा शाहेद-136 ड्रोन दोनेकशे किलोचा, त्रिकोणी पंखांचा, मोपेडसारखा फटफटत ताशी 180 किलोमीटरच्या आसपास वेगानं येणारा. हजारावर किलोमीटर जातो. किंमत अंदाजे 20 ते 50 हजार डॉलर, म्हणजे 17 ते 43 लाख रुपये. त्याला पाडायला पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं आधुनिक क्षेपणास्त्र सोडलं तर एकाला तीस-पस्तीस कोटी! नेम शंभर टक्के लागला तरी हरणारा हिशेब आहे हा.

मे 2025मध्ये आपल्याकडेही हा प्रश्न दारात आला. 8 आणि 9 मेच्या मधल्या रात्री पाकिस्ताननं 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवले, असं सरकारनं सांगितलं. ते पाडायला क्षेपणास्त्रांच्या बरोबरीनं एल-70, झू-23, शिल्का या जुन्या तोफा उतरल्या. एल-70ची रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली. तिच्या भंगाराची भाषा करणारे आता गप्प असतील. तोफेचा गोळा क्षेपणास्त्राच्या मानानं कवडीमोल. अडचण एवढीच की ड्रोन आधी दिसायला हवा. रडारला तो पक्ष्याएवढाच दिसतो आणि तसाच सावकाश चालतो. फरक पंख्यांचा: फिरत्या पात्यांवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारितेत बारीक कंपनं मिसळतात, आणि पक्ष्याच्या फडफडीची खूण निराळी असते. युक्रेननं आणखी साधा मार्गही धरला: हजारो मायक्रोफोन खांबांवर लावून शाहेदची फटफट ऐकायची.

आता तिथे शाहेदवर काही हजार डॉलरांचे, त्याहून वेगवान ड्रोनच सोडतात. उत्तरादाखल रशियानं जेट इंजिनाची आवृत्ती काढली आहे. ती पकडायला अवघड आहे, आणि अर्थातच महाग.