दात किडलाय की कच्चाच उगवलाय?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा वरचा पुढचा दात उगवतो, त्यावर पिवळट-तपकिरी डाग दिसतो आणि घरात निवाडा होऊन जातो: "गोड चाटवलंत, कीड लागली." पण कालपरवा हिरडीतून वर आलेल्या दाताला कीड लागायला वेळ तरी कधी मिळाला?

दुधाच्या दातांचं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, गर्भातल्या चौथ्या महिन्याच्या आसपास तयार होऊ लागतं आणि जन्मानंतरही काही महिने ते काम चालतं. त्यासाठी लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतं. 37 आठवड्यांच्या आत, त्यातही फार लवकर जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धीच राहते. भरीला जंतुसंसर्गही असू शकतो. श्वासासाठी नळी घालावी लागली, तर लॅरिंगोस्कोपचा (घसा उघडून पाहायच्या उपकरणाचा) दाब वरच्या हिरडीवर पडू शकतो. डॉक्टर ते डाव्या हातात धरतात आणि पुढे वरच्या डाव्या दातांवर खुणा जास्त सापडतात, त्या बहुधा यामुळेच. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे इनॅमलमध्ये राहिलेला खड्डा मागाहून भरत नाही.

कीड मात्र बाहेरून येते. जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दात हळूहळू विरघळतो. सुरुवात बहुधा वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या रेघेने होते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे बरेचदा वाचतात. कीड पसरते आणि मऊ लागते. जन्मजात खड्डा उगवतानाच असतो, आहे तेवढाच राहतो आणि त्याचा तळ सहसा टणक असतो. महिन्या-महिन्याने फोटो काढून ठेवा, फरक कळेल.

पण खरी गोम पुढेच आहे. कच्च्या इनॅमलवर कीड लवकर बसते, म्हणजे एकाच दातात दोन्ही असू शकतं. "दुधाचेच आहेत, पडतील" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ जन्माच्या सुमारासच घडू लागते, म्हणजे तोच फटका तिलाही बसू शकतो.

दात उशिरा येतात ही काळजी बहुतेक वेळा पोकळ असते. 28 व्या आठवड्यात, म्हणजे सुमारे तीन महिने आधी जन्मलेलं बाळ 10 महिन्यांचं झालं, तर दातांच्या हिशेबात ते 7 महिन्यांचं धरायचं.

डाग कुठलाही असो, पहिल्या वाढदिवसाच्या आत मुलांच्या दंतवैद्याला दाखवा आणि पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइड पेस्टने ब्रश करा.