जांभा, पालापाचोळा आणि ऊन

रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या किनाऱ्यावर वाळूत जे काळे पट्टे दिसतात, ते इल्मेनाइटचे. लोह आणि टायटॅनियमचं हे ऑक्साइड बेसॉल्टच्या झिजेतून नद्यांबरोबर समुद्रापर्यंत आलं. अशाच खनिजातलं लोह काढून टाकलं की मिळतो टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या रंगातली पांढरी भुकटी. बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते, तेव्हा आपण पावसाला बोल लावतो. पण त्यात उन्हाचाही हात असतो. अतिनील किरण या भुकटीच्या कणावर पडले की त्यातले इलेक्ट्रॉन जागा सोडतात. मागे राहिलेली रिकामी जागा आणि सुटलेले इलेक्ट्रॉन, दोघंही दमट हवेतल्या पाण्या-ऑक्सिजनशी क्रिया करतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. समोर येईल तो सेंद्रिय रेणू तो तोडतो. रंगाला धरून ठेवणारं रेझिनही त्यातून सुटत नाही. म्हणून रंगवाले या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं आवरण चढवतात.

फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये याच ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, आणि मग त्याच्या मदतीने सांडपाणी साफ करण्याच्या कल्पनेने जोर धरला. अडचण एकच, पण मोठी: त्याला साधारण 390 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश लागतो, आणि उन्हात तो जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास.

मग आपला जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड, हे काम करील का? त्याला लाल-पिवळा रंग देणारी हेमॅटाइट आणि गोएथाइट ही लोहाची ऑक्साइडं दिसणारा प्रकाशही शोषतात. कागदावर हा दगड टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा सरस ठरावा. प्रत्यक्षात हेमॅटाइटमध्ये सुटलेला इलेक्ट्रॉन, एसटीत उठलेला प्रवासी लगेच परत बसावा तसा, आपल्या जागी येतो. रिकामी जागा पृष्ठभागाकडे जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर सरकते, तेवढ्यात खेळ संपतो.

नुसत्या दगडाची ही गत. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, पालापाचोळा कुजतो तेव्हा मात्र चित्र बदलतं, आणि मला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. ते लोहाला चिकटलं की तयार होणारं संयुग प्रकाशाला इतकं हळवं असतं की प्रयोगशाळेत प्रकाश मोजायला तेच वापरतात. ऊन पडताच फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन मिळून त्याचं फेरस होतं, ऑक्झॅलेट तुटतं आणि पाण्यातल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. फेरस आणि पेरॉक्साइड एकत्र आले की पुन्हा तोच हायड्रॉक्सिल रॅडिकल. लोह परत फेरिक, चक्र पुन्हा सुरू. फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी 1894 मध्ये नोंदवली होती. प्रयोगशाळेत कित्येक कीडनाशकं आणि कापडाचे रंग या वाटेने तुटतात. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी मारलेली फवारणी शेवटी ज्या मातीत उतरते, ती लोहाची आणि आम्लधर्मी असते. ही क्रिया आम्लधर्मी पाण्यातच जोरात चालते.

बांगलादेशात याच रसायनाचा साधा वापर करून पाहिला गेला: विहिरीचं आर्सेनिकयुक्त पाणी पारदर्शक बाटलीत, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि बाटली उन्हात. पाण्यात लोह मुळातच होतं. आर्सेनिकचं ऑक्सिडेशन होऊन ते लोहाच्या गाळाला चिकटून खाली बसतं.

यावर विसंबून खाडीत काहीही सोडावं, असं मात्र नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत. खाडीच्या मुखाशी पाणी खारं आणि किंचित अल्कधर्मी होतं. विरघळलेलं लोह गाळ होऊन बसतं, आणि उरलेसुरले हायड्रॉक्सिल रॅडिकल प्रदूषकापर्यंत पोचण्याआधी समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमाइडच गिळून टाकतं. शिवाय रेणू तुटला म्हणजे निरुपद्रवी झाला, हेही खरं नाही. साबणात वापरलं जाणारं ट्रायक्लोसॅन नुसत्या उन्हानेही बदलतं, आणि त्यातला काही भाग डायॉक्सिन या विषारी रसायनांच्या कुळातल्या पदार्थात जातो.