अक्सुमचं सोनं आणि त्यावरची ग्रीक अक्षरं

इथिओपियाच्या उत्तरेकडच्या प्राचीन अक्सुम राज्यातल्या राजांची जी यादी आज छापली जाते, ती बरीचशी नाण्यांवरूनच जुळवलेली आहे. पोथ्यांमध्ये राजावळ्या आहेत, पण त्यांतली नावं नाण्यांवरच्या नावांशी क्वचितच जुळतात. एझाना आणि कालेब यांचे शिलालेख तरी आहेत. नेझूल किंवा एऑन यांच्यासारख्यांची ओळख मात्र नाण्यापुरतीच. म्हणून या नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांना आधी अक्षरं लावत बसावं लागतं, सोन्याचा भाव नंतर.

इ.स. 270 च्या सुमारास एंडुबिस राजाने सोन्या-चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. सहाराच्या दक्षिणेला त्या काळी स्वतःचं चलन असलेलं दुसरं राज्य नव्हतं. सोन्याचं नाणं सुरुवातीला साधारण 2.7 ग्रॅमचं होतं. रोमन चलनाची घडी सम्राट कॉन्स्टंटाइनने नव्याने बसवल्यावर तेही 1.6 ग्रॅमवर आलं. दोन्ही बाजूंना राजाच, बहुतेकदा दोन ओंब्यांच्या मधोमध. डोक्यावर चंद्रकोर आणि बिंब. कडेने ग्रीक लिपीत लेख: ‘एंडुबिस राजा’, आणि दुसऱ्या बाजूला ‘अक्सुमवासीयांचा, बिसी दाखू’. ‘बिसी’ म्हणजे अमक्याचा पुरुष. हे कुळाचं नाव की पलटणीचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. चौथ्या शतकात एझाना ख्रिस्ती झाला आणि चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. जगातल्या नाण्यांवरच्या अगदी सुरुवातीच्या क्रूसांपैकी हा एक.

देशाची भाषा गीझ असताना सोन्यावर ग्रीक का? कारण हे सोनं देशात खर्चायचं नव्हतंच. तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरावरच्या व्यापाऱ्यांना ग्रीक वाचता येत असे. वाझेबा राजाने सोन्यावर गीझ अक्षरं उमटवली, पण त्याचा कित्ता पुढे कोणी गिरवला नाही. चांदी आणि तांब्यावर मात्र गीझ हळूहळू रुळली. तांब्याच्या काही नाण्यांवर, ग्रीकमध्येच, ‘देशाला हे रुचो’ असा लेख आहे. राजाने प्रजेला असं काही म्हणावं, हे मला कुठल्याही क्रूसापेक्षा जास्त विलक्षण वाटतं. शिवाय तांब्याच्या काही नाण्यांवरच्या क्रूसावर चिमूटभर सोन्याचा मुलामाही चढवलेला असे.

हे सोनं यायचं कुठून, ते सहाव्या शतकातल्या कॉस्मस या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. अक्सुमचे लोक सासू नावाच्या प्रदेशात मीठ, लोखंड आणि गुरं घेऊन जात. काट्यांचं कुंपण घालून त्यावर मांसाचे तुकडे, मीठ, लोखंड मांडत आणि दूर जाऊन बसत. तिथले लोक येऊन पसंत पडलेल्या तुकड्यावर सोन्याचे खडे ठेवत. मालकाला पटलं तर तो सोनं उचले. एका शब्दाचीही घासाघीस नाही.

तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस या अक्सुमच्या बंदरातून परदेशांशी व्यापार चाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेमध्ये अरियाके प्रदेशातून तिथे लोखंड, पोलाद आणि सुती कापड येत असल्याची नोंद आहे. अरियाके म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याचाच भाग. दक्षिण भारतात अक्सुमची सोन्याची नाणी मिळाली आहेत, पैकी बऱ्याच नाण्यांना गळ्यात घालायला भोकं पाडलेली. येमेनमध्ये अल-मधारिबा इथे 1977 मध्ये सापडलेल्या साठ्यात रोमन नाण्यांबरोबर अक्सुमची तीनशेहून अधिक सुवर्णनाणी होती, कालेबपर्यंतची. अक्सुमच्या नाण्यावर सन नसतो, त्यामुळे शेजारी कोणतं रोमन नाणं पडलं होतं हे कळणं फार मोलाचं.

बाजारात आलेल्या नाण्याबाबत नेमकं तेच हरवतं. जर्मन प्रवासी एदुआर्द रुपेल याने 1830च्या दशकात काही नाणी युरोपात नेली, 1926 मध्ये आर्तुरो अंझानी या इटालियन नाणेतज्ज्ञाने त्यांची पद्धतशीर वर्गवारी छापली, आणि मागणी वाढली तशी नकलीही आल्या. त्या ओळखणं सोपं नाही. उत्तरकाळातल्या कारागिरांना ग्रीक येईनासं झालं होतं. ठशात अक्षरं उलटी पडत, गळत, एकात एक घुसत. त्यामुळे लेख चुकलाय एवढ्यावरून नाणं बनावट ठरत नाही. वजन, कस आणि ठसा ओळखीच्या नाण्यांशी ताडूनच पाहावा लागतो.